कांद्याची पाचशे वर्षे, वांग्यातला एक तास

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या बाजारात आलेल्या गोणीतला कुठलाही एक कांदा उचला. त्याच्या एकेका पेशीत, डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या जागेत, त्या कांद्याचा सगळा आराखडा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे १,६०० कोटी अक्षरे. माणसाच्या एका संचात सुमारे ३१० कोटी. आपण बुक्कीने फोडतो त्या कांद्याचा ग्रंथ माणसाच्या ग्रंथापेक्षा पाचपट जाड आहे.

आता हा ग्रंथ मोठ्याने वाचायचा. सेकंदाला एक अक्षर, रात्रंदिवस, न थांबता. कांदा वाचून संपायला ५०७ वर्षे लागतील. शेवटचे अक्षर आज उच्चारायचे, तर वाचनाला सुरुवात शिवरायांच्या जन्माआधी शंभर वर्षे करावी लागली असती. माणूस ९८ वर्षांत वाचून होतो. वांगे साधारण ३७ वर्षांत.

आणि बीटी वांग्यात घातलेले जनुक? एका तासात.

मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जीवाणूतले ‘क्राय-वन-एसी’ हे ते जनुक. त्याची लांबी साधारण साडेतीन हजार अक्षरे. ते चालू ठेवणारे आणि त्याची खूण पटवणारे सोबतचे तुकडे धरले, तरी वाचन दोन-तीन तासांपलीकडे जात नाही. जालन्याच्या महिको कंपनीने हे वांगे तयार केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जीईएसी या समितीने त्याला मान्यता दिली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते स्थगित केले. ती स्थगिती आजही उठलेली नाही. ३७ वर्षांच्या वाचनातल्या दोन-तीन तासांवर देश दीड दशक अडून आहे.

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, अन्नाच्या बाजूचे लोक इथे लगेच म्हणतील की एवढ्याशा बदलाला काय घाबरायचे! हा युक्तिवाद मला मान्य नाही. बदल लहान आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. सिकलसेल हा आजार नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. ३१० कोटींपैकी एक, म्हणजे ९८ वर्षांच्या वाचनातला एक सेकंद. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. कुठले अक्षर बदलले आणि त्यातून पेशीत काय तयार होते, हे तपासल्याशिवाय नुसती लांबी मोजून कोणालाही निर्धास्त करता येत नाही.

पण मग विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दाही त्याच काट्यावर तोलायला हवा. तो मुद्दा असा की एका जातीच्या सजीवाचे जनुक दुसऱ्यात जाणे निसर्गाला मंजूर नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, आणि या मुद्द्याचे उत्तर तिच्या दोन्ही काठांवर उभे आहे.

नदीकाठी पावसाळा सरताना पांढऱ्या तुऱ्यांचे जे गवत डोलते, संस्कृतात ज्याला काश म्हटले आहे, ते उसाचे रानटी भावंड. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण या शास्त्रज्ञांनी गोड, जाड, पण नाजूक उसाचा या गवताशी संकर केला आणि १९१८ साली ‘को २०५’ हा वाण शेतकऱ्यांना दिला. आज दौंडच्या गुऱ्हाळात किंवा साखर कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मोळीत त्या गवताचा वारसा आहे. उसाच्या एका पेशीत सुमारे हजार कोटी अक्षरे असतात. ‘आर ५७०’ या वाणाच्या आराखड्याचे काम मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची गुणसूत्रे ११४ भरली. माणसाची ४६ असतात. आजच्या उसातला दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग रानटी गवताकडून आलेला आहे. म्हणजे किमान शंभर कोटी अक्षरे, किमान ३१ वर्षांचे वाचन. एवढा बदल कुठलीही विषचाचणी न होता आपल्या चहात आणि पुरणपोळीत आला. त्यातले प्रत्येक जनुक काय करते, हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते.

ऊस आणि काश तरी एकाच कुळातले. जीवाणू आणि वांगे यांचे नाते काय, असे कोणी विचारील. त्यासाठी रताळ्याकडे बघू. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते, आणि पुढे आषाढी एकादशीला तेच वारकरी उपवासाचे रताळे खातात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाचे आणि पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राचे शास्त्रज्ञ या संशोधनात होते. लागवडीतल्या २९१ रताळ्यांची त्यांनी तपासणी केली आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला. सगळ्याच्या सगळ्या २९१ नमुन्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जीवाणूची जनुके सापडली, आणि ती नुसती पडून नव्हती, तर रताळ्यात काम करत होती. प्रयोगशाळा वनस्पतीत जनुक घालायला याच जीवाणूचा उपयोग करतात. हजारो वर्षांपूर्वी त्याने ते काम कोणाच्याही आज्ञेशिवाय केले होते. उपवासाला चालणारे रताळे हे निसर्गाने केलेले जीएम पीक आहे.

पोटात रोज काय जाते, तोही आकडा बघा. माणूस दिवसाला अन्नातून साधारण एक दशांश ग्रॅम ते एक ग्रॅम डीएनए-आरएनए खातो, असा अंदाज आहे. अर्धा ग्रॅम डीएनए धरला तर अक्षरे होतात चारावर वीस शून्ये, त्याहूनही थोडी जास्तच. सेकंदाला एक या वेगाने ती वाचायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या हजारपट काळ लागेल, आणि विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. हे सगळे ज्वारीचे, हरभऱ्याचे, मेथीचे, दह्यातल्या जीवाणूंचे, मटणाचे डीएनए आपण जेवतो आणि त्याचे तुकडे करून पचवतो. वांग्यातले साडेतीन हजार अक्षरांचे जनुक या पुरात वेगळे पडत नाही. प्रश्न उरतो तो जनुकातून तयार होणाऱ्या प्रथिनाचा. ते प्रथिन अळीच्या आतड्यात, अल्कधर्मी रसात विरघळते, तिथल्या ठरावीक ठिकाणी चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. आपल्या जठरात आम्ल असते, तिथे त्याचे झटपट तुकडे होतात. आणि ते चिकटावे अशी जागा आपल्या आतड्यात नाही. सेंद्रिय शेतीवालेसुद्धा हाच जीवाणू फवारतात. फ्रान्समध्ये तो १९३८ पासून बाजारात होता.

हे झाले कारण. पण कारण पटले म्हणून पुरावा मिळाला असे नाही. पुराव्याचे गणित वेगळे असते, आणि जीएमच्या वादात दोन्ही बाजू नेमक्या त्याच गणितात कमी पडतात असे मला वाटते.

समजा, एखाद्या अन्नाने लाखात एका माणसाला गंभीर त्रास होतो. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूर आणि दौंड मिळून साडेसात लाखांहून जास्त लोक आहेत. म्हणजे दोन्ही तालुक्यांत मिळून सात-आठ रुग्ण. एखादा शिक्रापूरच्या दवाखान्यात, एखादा कुरकुंभला, एखादा थेट ससूनला. हे सात-आठ जण एकाच कारणाने आजारी आहेत, हे कोणाच्या लक्षात येणार? आता प्रयोगशाळेकडे चला. नव्वद दिवसांच्या चाचणीत एका गटात साधारण दहा-वीस उंदीर असतात. वीस उंदरांत एकालाही काही झाले नाही, तरी संख्याशास्त्र एवढेच सांगते की धोका बहुधा सातात एकाहून कमी आहे. हजारात एकाचा धोका नाही असे खात्रीने म्हणायचे तर तीन हजार निरोगी उंदीर दाखवावे लागतील. लाखात एकासाठी तीन लाख. म्हणून चाचणीत शुद्ध प्रथिनाचा डोस माणसाच्या रोजच्या खाण्याच्या कितीतरी पट चढवतात. संख्या वाढवता येत नाही, म्हणून मात्रा वाढवायची. ही पद्धत योग्य आहे. पण तिच्या मर्यादा लोकांना सांगितल्या जात नाहीत, ते योग्य नाही.

हेच गणित उलट बाजूलाही लागू होते. सेरालिनी या फ्रेंच शास्त्रज्ञाने २०१२ साली जीएम मका खाल्लेल्या उंदरांच्या गाठींचे फोटो जगासमोर ठेवले आणि ते जगभर फिरले. अभ्यासात उंदीर होते २००, पण गट २० आणि एका गटात फक्त १०. शिवाय उंदरांचा वाण असा, की दोन वर्षे जगला तर त्याला बहुतेकदा आपोआपच गाठी येतात. दहाच्या गटात चार आणि सहा यांतला फरक हा निव्वळ योगायोगही असतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये हा अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. २०१४ साली तो दुसरीकडे छापून आला. त्यातली छायाचित्रे मात्र भाषणांत आणि फोनांवर अजून फिरतात.

मोठा पुरावा हवा असेल तर तो माणसांत आणि जनावरांत शोधावा लागतो. अमेरिकेत १९९६ पासून जीएम सोयाबीन आणि मका आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २०१४ साली तिथल्या पशुधनाची १९८३ ते २०११ मधली आकडेवारी एकत्र केली. त्यात जीएम खाद्य येण्याआधीचाही काळ होता आणि नंतरचाही. जनावरे किती? दहा हजार कोटींहून जास्त, त्यांतल्या बहुतेक कोंबड्या. त्यांच्या आरोग्यात किंवा वाढीत बिघाड दिसला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ च्या अहवालासाठी ९०० हून जास्त अभ्यास तपासले. जीएम खाणारी अमेरिका-कॅनडा आणि फारसे न खाणारे ब्रिटन-पश्चिम युरोप यांच्यातले कर्करोग, लठ्ठपणा, पोटाचे विकार असे सगळे आजार शेजारी ठेवून पाहिले. जीएमकडे बोट दाखवता येईल असा फरक सापडला नाही. युरोपीय संघाने स्वतःच्या पैशाने २५ वर्षांत १३० प्रकल्प आणि ५०० स्वतंत्र संशोधक गट या कामाला लावले. निष्कर्ष तिकडेही तोच. त्याच अमेरिकी अहवालात जीएम कंपन्यांना न आवडणारी एक ओळही आहे: अमेरिकेतल्या पिकांचे सरासरी उत्पादन वाढण्याचा वेग जीएममुळे बदललेला दिसत नाही.

म्हणून खाण्यापुरते माझे मत पक्के आहे. आज बाजारात असलेली जीएम पिके खाल्ल्याने माणसाला अपाय होतो, असे म्हणायला आधार नाही.

आणि आपण ती खातोच आहोत. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. भारत वर्षाला साधारण ३० ते ५० लाख टन सोयाबीन तेल बाहेरून आणतो, मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. तिथले जवळजवळ सगळे सोयाबीन जीएम आहे. देशाच्या सरासरीने शिरूर-दौंडच्या वाट्याला यातले साधारण दोन ते तीन हजार टन येते. म्हणजे वीस टनांचे शंभर ते दीडशे टँकर, दरवर्षी, या दोन तालुक्यांच्या कढयांत. शिवाय देशातल्या सरकीचे दहा लाख टनांहून जास्त तेल, आणि देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. चिवड्यात, फरसाणात, वड्यात ते असते. शुद्ध केलेल्या तेलात जनुक किंवा प्रथिन जवळपास उरत नाही हे खरे. पण बी जीएमच असते.

शिरूर-दौंडमध्ये कापूस फारसा नाही, तरी कापसाची सरकी इथल्या गोठ्यात रोज येते. दूधवाल्याच्या घरात सरकी पेंडीचे पोते नाही असा दिवस विरळा. गायीने खाल्लेले बीटी प्रथिन आजवरच्या तपासण्यांत दुधात आढळलेले नाही. कोंबड्यांचे म्हणाल, तर ऑगस्ट २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव कडाडले तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. वीस टनांचे ६० हजार ट्रक होतील एवढी. एक ट्रक दहा मीटरचा धरून एकामागे एक उभे केले तर रांग ६०० किलोमीटरची. वांग्यातल्या एका तासावर वर्षानुवर्षे चर्चा झाली होती, आणि या रांगेवर मात्र फारशी झाली नाही.

माझ्या मते खरी काळजी ताटापेक्षा शेताची आहे. तिथले आकडे खरोखर भोवळ आणणारे आहेत.

१९९६ साली जगात १७ लाख हेक्टरवर जीएम पिके होती. २०१९ साली १९ कोटी हेक्टरवर. सहा महाराष्ट्र मावतील एवढी जमीन, किंवा शिरूर आणि दौंड मिळून जेवढे क्षेत्र होते त्याच्या सहाशेपटीहून जास्त. एवढ्या जमिनीवर मोजकीच पिके आणि त्यांतली मोजकीच जनुके. कुठल्याही किडीसाठी ही एक मोठी चाळणी आहे: ज्या अळीला ते जनुक पचेल, तिलाच पुढची पिढी.

बीटी कापसाला भारतात २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलो रुई होती, ती २०१३-१४ मध्ये ५६६ किलोवर गेली. गाठी १५८ लाखांवरून ३९८ लाखांवर. या वाढीत बीटीसोबत गुजरातचे पाणी, वाढलेली खते आणि नवी कीटकनाशकेही होती, हे नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली आकड्यांनिशी मांडले. तरीही सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी उतरली, हे कोणी नाकारत नाही. मग गुलाबी बोंडअळी परत आली. २०१० च्या मार्चमध्ये हे तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनेच गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला अळी दाद देत नसल्याचे मान्य केले. दोन जनुकांचे बीटीही पुढे निष्प्रभ झाले. २०१७ साली विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली, आणि फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

असे का झाले, त्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टर. हेक्टरी १५ हजार झाडे धरली तर ६,००० कोटी झाडे. झाडामागे एक अळी धरली तरी ६,००० कोटी अळ्या. दहा लाखांत एकीला बीटी पचते असे समजा. तरी ६० हजार जगल्या. आजूबाजूला साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग नसतील तर त्यांची जोडी आपापसातच जुळते. पिढीला पाचपट वाढ धरली तर चार पिढ्यांत, म्हणजे एकाच हंगामात, पावणेचार कोटी. धरलेले आकडे माझे आहेत, कमी-जास्त करून पाहा. शेवट फारसा बदलत नाही. म्हणूनच शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायचा नियम होता. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचे साधे बियाणे दिले जायचे. दोन एकरवाल्याला पाच ओळी अळीसाठी सोडणे परवडत नव्हते. ती पाकिटे बांधावर पडली. नियम दिल्लीत झाला, शेतकऱ्याच्या खिशाचा विचार त्यात नव्हता, आणि तो पाळला जातो का हे कोणी बघितलेही नाही.

याच अळीचे अमेरिकेत काय झाले? अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी, शास्त्रज्ञांनी आणि सरकारने मिळून बीटी कपाशी लावली आणि विमानांतून वांझ पतंग सोडले. एकूण १,१०० कोटी. २०१८ साली अमेरिकेतल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर झाले. तेच जनुक, तीच अळी. तिथे अळी संपली आणि इथे शेतकरी खचला. दोष जनुकाचा असता तर दोन्हीकडे एकच निकाल लागला असता.

शिरूर-दौंडपुढे हा प्रश्न पहिल्यांदा मक्याच्या रूपाने येईल, असे मला वाटते. मुरघासाला मका, पोल्ट्रीला मका, आता इथेनॉललाही मका. २०१८ पासून लष्करी अळीने मक्याचे पोंगे पोखरले आहेत, आणि बाहेरच्या देशांत बीटी मका त्या अळीवर वापरतात. मागणी येणारच. पण मक्याचा परागकण वाऱ्यावर जातो. बीजोत्पादनात दुसऱ्या मक्यापासून साधारण २०० मीटर अंतर ठेवतात. महाराष्ट्रात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर, म्हणजे चौकोनी शेत धरले तर एक बाजू सव्वाशे मीटरही नाही. त्याच्या चहूबाजूंनी २०० मीटर मोजले तर जवळपास २२ हेक्टर रान येते. तेवढ्यात सोळा शेजारी बसतात. एकाने बीटी मका पेरला तर सोळा जणांचा निर्णयही त्यानेच घेतला. शेजाऱ्यांत कोणी सेंद्रिय मधुमक्याचा करार केला असेल, तर त्याचा माल नाकारला जाईल आणि भांडण बांधावर येईल. या सोळा घरांची बैठक कोण घेणार, नुकसान कोण भरणार, हे आजच्या कुठल्याही नियमात नीट लिहिलेले नाही.

तणनाशक सोसणाऱ्या पिकांबद्दल तर मी अजूनच सावध आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने कायदा मोडून तणनाशकरोधक कापूस उघडपणे पेरला. त्या वेळी पाच वर्षांच्या कैदेची तरतूद असलेला कायदा शेकडो शेतकरी मोडतात, तेव्हा त्यांची अडचण खरी असते: खुरपणीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. पण त्याच खुरपणीवर भूमिहीन बायकांचा पावसाळा निघतो. एका फवाऱ्याने दहा-बारा बायकांचा दिवसाचा रोज जातो. हा आकडा जैवसुरक्षेच्या कुठल्याही फायलीत नसतो, आणि तो असायला हवा.

म्हणून ‘जीएम हवे की नको’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. बांगलादेशाने २०१३ साली बीटी वांग्याला परवानगी दिली, २०१४ साली २० शेतकऱ्यांपासून सुरुवात केली, आणि चार वर्षांत २७ हजार शेतकरी ते लावू लागले. २०० गावांतल्या १,२०० शेतकऱ्यांवर, गावे चिठ्ठीने वाटून केलेल्या अभ्यासात उत्पादन ५१ टक्क्यांनी वाढले आणि कीटकनाशकाचा खर्च ३७ टक्क्यांनी घटला. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आठवड्यातून दोनदा पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्याला आणि ते वांगे खाणाऱ्या आपल्याला यात फायदा आहे. बीटी वांग्याला आता शेतात उतरू द्यावे, मोजक्या गावांत, लेखी नोंदी ठेवून, असे माझे स्पष्ट मत आहे. तणनाशकरोधक पिकांना आज तरी नको. मक्याला आधी त्या सोळा शेजाऱ्यांची सोय करा, मग बोला. प्रत्येक पिकाचा निकाल वेगळा.

जनुक-संपादनाने हा वाचनाचा वेळ आणखी कमी केला आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ या भाताच्या वाणांत बाहेरचे जनुक नाही. स्वतःचीच थोडी अक्षरे बदललेली आहेत. भाताचा ग्रंथ वाचायला बारा-तेरा वर्षे लागतात, त्यातला हा बदल फार तर काही मिनिटांचा. अशा वाणांना २०२२ पासून जीएमच्या बहुतेक चाचण्यांतून सूट आहे. यापुढचे बियाणे याच वाटेने येणार आहे.

१ जानेवारी २०१३ पासून कायदा सांगतो की जीएम अन्नाच्या पाकिटावर ‘जीएम’ ही अक्षरे दर्शनी भागावर वरच्या बाजूला छापली पाहिजेत. किराणा दुकानात गेलात की सोयाबीन तेलाच्या आणि सरकी तेलाच्या पिशव्या उलटसुलट करून ती शोधा, आणि दिसली नाहीत तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारा. घाबरायचे कारण नाही. पण कोण काय खातो याची नोंद राहिली नाही, तर लाखात एकाचा त्रास आपल्याला पुढेही कधी सापडणार नाही. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे जीएम मोहरीला दिलेल्या मंजुरीवर एकमत झाले नाही. पण केंद्राने राज्ये, शेतकरी आणि इतर संबंधितांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत झाले. बीटी वांग्याच्या वेळी देशात सात सुनावण्या झाल्या, त्यांना सुमारे आठ हजार लोक आले. महाराष्ट्रातली एकमेव सुनावणी नागपूरला होती, शिरूरपासून साडेसहाशे किलोमीटरवर. या वेळी आमदार-खासदारांकडे, बाजार समितीकडे, ग्रामसभेच्या ठरावात एकच मागणी करा: सुनावणी तालुक्याला हवी. शिरूरला एक, दौंडला एक.